बंडू, 'बस' आणि आमची आई



इथे बहुतेक जण जुने वाडे, होळकर-शिंदे सरकारातल्या आजोबांच्या नोकऱ्या, सराफ्यातल्या रात्री असं लिहितात. मी आज एका कुत्र्याबद्दल लिहितोय. पोस्ट लांबली आहे, सवडीने वाचा. कुत्र्यांचा तिटकारा असणाऱ्यांनी तर जरूर वाचा, कारण दोन वर्षांपूर्वीपर्यंत मीही तुमच्यातलाच होतो.

मुद्दा आधीच सांगून टाकतो. "एवढ्या मोठ्या कुत्र्याला आता काय नवीन शिकवणार?" हे वाक्य आपल्या घरांतून सर्रास ऐकू येतं आणि ते खोटं आहे. नुसतं खोटं असतं तर मी एवढं टायपिंग केलं नसतं. पण या एका वाक्याच्या जोरावर घरातली म्हातारी माणसं गेल्यावर त्यांची कुत्री बाहेर काढली जातात. मी स्वतः आमच्या ओळखीच्या तीन घरांत हे पाहिलंय. आमचं घर चौथं होता होता राहिलं.

ग्वाल्हेरचे आमचे काका २०२३ च्या ऑक्टोबरात गेले. काकू आधीच गेलेल्या, मुलगा बंगळुरूला अकराव्या मजल्यावर. तेराव्याच्या दिवशी दुपारी सगळ्या वस्तूंची वाटणी ठरली. पितळेची घंगाळं कुणाकडे, पेटी कुणाकडे, तानपुरा कुणाकडे. कोपऱ्यात बंडू बसला होता, त्याचं नाव कुणीच काढेना. सात वर्षांचा देशी कुत्रा, पिवळट रंगाचा, एक कान कायम पडलेला. शेवटी कुणीतरी म्हणालं, "गल्लीत सोडून द्या, गल्लीतूनच तर आणला होता भाऊसाहेबांनी." सात वर्षं घरात झोपलेल्या, दूध-भाकरीवर वाढलेल्या कुत्र्याला गल्लीतली बाकीची कुत्री एका रात्रीत फाडतील, हे मला कुत्र्यातलं काही कळत नसतानाही कळलं. "मी नेतो," असं माझ्या तोंडून निघून गेलं. सौ.ने माझ्याकडे जे पाहिलं ते इथे लिहीत नाही.

शिवपुरी, गुना, ब्यावरा, देवास करत टॅक्सीने इंदूरला पोचलो. पाचशे किलोमीटर तो माझ्या पायाशी हूं की चूं न करता पडून होता. मला वाटलं, किती गरीब कुत्रा आहे. घरी आल्यावर कळलं की तो फक्त घाबरलेला होता.

आमच्या घरात सहा माणसं. आई ८३ वर्षांची, आम्ही दोघं, मुलगा, सून आणि आठ वर्षांची नात. सून माळव्यातली, हिंदी घरातली. मराठी तिला पूर्ण समजतं, बोलते मात्र हिंदी. नात दोन्हीची खिचडी बोलते. आम्हीही काही वेगळं करतो असं नाही, इंदूरच्या कुठल्याही मराठी घरात अर्ध्या तासात दोन्ही भाषा ऐकू येतात. दिवसभर वर्दळ, दाराची घंटा, टीव्ही, कुकर. काकांचं घर म्हणजे एक माणूस आणि एक कुत्रा. दिवसाला मोजून वीस वाक्यं बोलली जात असतील.

तर बंडू आमच्याकडे येऊन काय करायचा? घंटा वाजली की भुंकत दाराकडे धावायचा आणि आत येणाऱ्याच्या अंगावर पुढचे दोन्ही पाय टाकायचा. "बस" म्हटलं तर नुसता बघत राहायचा. आणि सुनेच्या मागे मागे फिरायचा, जी नेमकी त्याला घाबरायची. "पापाजी, ये जानबूझकर मेरे पीछे आता है," असं ती रडकुंडीला येऊन सांगायची.

संक्रांतीनंतर सौ.चं हळदीकुंकू होतं. बायकांची रीघ, घंटेवर घंटा. आई दार उघडायला उठली आणि तेवढ्यात बंडू मागून धावत गेला. त्याने तिला ढकललंही नाही खरं तर, तिच्या पायांमधून पुढे जाऊ पाहिलं. आई पडली. उजव्या मनगटाचं हाड मोडलं, सहा आठवड्यांचं प्लास्टर. खुब्याचं हाड मोडलं असतं तर या वयात काय झालं असतं ते सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे घरात कुणी मोठ्याने बोललं नाही.

पुण्याहून धाकट्या भावाचा फोन आला. "दादा, कुत्रा की आई, हे एकदा ठरव." त्याचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. एका शिकवणाऱ्याला बोलावलं. त्याने बंडूचे दात बघितले, वय विचारलं आणि म्हणाला, सहा महिन्यांपर्यंतचं पिल्लू असेल तर घेतो, याचं आता काही होणार नाही. गळ्यात आवळणारी साखळी घाला आणि दाराशी आला की झटका द्या. साखळी तोच विकत होता.

फेब्रुवारीच्या शेवटापर्यंतची मुदत मी घरच्यांकडून मागून घेतली. पुढे काय करायचं ते मलाही माहीत नव्हतं.

आणि मग आईने सांगितलं. तिने एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलंय. हात गळ्यात बांधून हॉलमधल्या दिवाणावर दिवसभर बसून होती, त्यामुळे बंडूकडे नीट बघणारी घरात ती एकटीच. रविवारी सकाळी आम्ही पोहे खात होतो. सौ. वाढत होती, मी म्हटलं "बस, बस". मुलगा म्हणाला "बस". नात म्हणाली "बस हो गया". आई एकदम म्हणाली, "अरे, तो बघा, बसून राहिलाय ना बिचारा! तुम्ही सगळे बस बस म्हणून राहिलाय आणि तो बसला की कुणी ढुंकून बघत पण नाही."

आम्ही सगळ्यांनी वळून पाहिलं. बंडू दाराजवळ अर्धवट बसलेला. आमचं लक्ष गेलं तसा उठला.

मंडळी, तुमच्या लक्षात आलंच असेल. काकांच्या घरात 'बस' म्हणजे खाली बस. आमच्या घरात 'बस' म्हणजे पुरे. ताटात वाढताना बस, टीव्हीचा आवाज बस, पोरीचा दंगा बस. दिवसातून शंभर वेळा. पहिले काही दिवस तो बिचारा प्रत्येक 'बस'ला बसला असणार. बसून काही मिळत नाही, कुणी बघत नाही, म्हटल्यावर त्याने तो शब्द सोडून दिला. आपण रस्त्यावरचे हॉर्न ऐकायचे सोडून देतो तसा.

त्याहून मजा पुढे आहे. काका त्याला बोलवताना 'ये' म्हणायचे. आता सुनेचं बोलणं ऐका. "ये किसने रखा? ये क्या है? ये देखो." ती दर वाक्याला त्याला बोलावत होती आणि तो इमानेइतबारे जात होता! ज्याला आम्ही हट्टी, म्हातारा, न शिकणारा म्हणत होतो तो घरातल्या सगळ्यांपेक्षा जास्त लक्ष देऊन ऐकत होता.

यावर मी नंतर थोडं वाचलं. हंगेरीत बुडापेस्टच्या एओत्वोश लोरांद विद्यापीठात लॉरा कुआया नावाच्या संशोधिकेने एक प्रयोग केला. ती मेक्सिकोहून आपल्या कुन-कुन नावाच्या कुत्र्याला घेऊन हंगेरीत आली होती आणि आजूबाजूची माणसं वेगळीच भाषा बोलतात हे याला कळत असेल का, असा प्रश्न तिला पडला. अठरा कुत्र्यांना मेंदूचं चित्र घेणाऱ्या यंत्रात शांत पडून राहायला शिकवलं आणि एकच गोष्ट स्पॅनिश आणि हंगेरियनमध्ये ऐकवली. ओळखीची भाषा आणि परकी भाषा यांना मेंदूचा प्रतिसाद वेगवेगळा होता. आणि कुत्रा जितका वयाने मोठा तितका हा फरक जास्त स्पष्ट. वाचताना मला ग्वाल्हेरहून इंदूरला आलेला आमचा पाहुणाच दिसत होता.

दुसरा प्रयोग व्हिएन्नाच्या पशुवैद्यक विद्यापीठातला. पाच महिन्यांपासून तेरा वर्षांपर्यंतची ९५ बॉर्डर कॉली कुत्री, त्यांच्यापुढे टचस्क्रीन, बरोबर चित्राला नाक लावलं की खाऊ. वयस्कर कुत्र्यांना शिकायला जास्त फेऱ्या लागल्या, हे खरंच आहे. पण "हे चित्र चुकीचं आहे हे मला माहीत आहे, म्हणजे हे दुसरं, नवीन असलेलं, बरोबर असणार" असा तर्क करण्यात मोठी कुत्री लहानांपेक्षा सरस ठरली. आणि सहा महिन्यांनी पुन्हा तपासलं तेव्हा जुनं लक्षात ठेवण्यात वयाने फरक पडला नव्हता. म्हणजे वेळ जास्त लागतो, एवढंच. आमच्याकडे साखळी विकायला आलेल्या गृहस्थांनी हा एवढा भाग सांगितला असता तरी चाललं असतं.

आईने पहिला उपाय काढला तो शाळेतल्या बाईंना शोभणारा. घरात आजपासून कुणीही 'बस' म्हणायचं नाही, 'पुरे' म्हणायचं. मराठी माणसं आहात ना, मग शुद्ध मराठी शब्द आहे तो वापरा! फ्रिजवर कागद लावला. नातीला हिशेब ठेवायला दिला, चुकेल त्याने पाच रुपये डब्यात टाकायचे. एका आठवड्यात डब्यात दोनशे पंच्याऐंशी रुपये जमले. त्यातले नव्वद माझे. आईचे पंधरा, तेही तिने नाकारून पाहिले. सून म्हणाली, "बाबा, मैं 'ये' बोलना कैसे बंद करूँ?" तेही खरंच होतं. आठव्या दिवशी आम्ही हरलो आणि ठरवलं की शब्द आपण बदलू शकत नाही, तर बंडूचाच बदलू.

नवा शब्द निवडला 'जागेवर'. लांब आहे, पण आमच्या घरात एरवी तो कुणी वापरत नाही. हाच त्याचा गुण. (इथे एक आडवळण घेतो. आपल्यातली बरीच मंडळी घरात मराठी बोलतात आणि कुत्र्याशी मात्र इंग्रजी. सिट, कम, नो. आपण त्यांची थट्टा करतो. पण त्यात एक शहाणपण नकळत आहे, कुत्र्याचा शब्द घरच्या बोलण्यात मिसळत नाही. तेच काम कमी वापरातला मराठी शब्दही करतो, त्यासाठी कुत्र्याला साहेब करायची गरज नाही.)

आता प्रत्यक्ष काय केलं ते सांगतो, कुणाला उपयोग झाला तर होईल.

आधी डॉक्टरांकडे नेलं. नखं फार वाढली होती आणि आमच्या गुळगुळीत टाइल्सवर त्याचे मागचे पाय घसरत होते. म्हणून तो पूर्ण टेकून बसायचं टाळत होता, हेही तिथेच कळलं. काकांच्या घरी फरशी खडबडीत दगडाची होती. हे आम्हाला चार महिने दिसलं नव्हतं.

मग जुन्या सतरंजीचा एक चौकोन कापला आणि हॉलच्या कोपऱ्यात, दारापासून लांब पण दार दिसेल असा टाकला. आई दिवाणावर, डाव्या हाताशी वाटी, वाटीत पनीरचे हरभऱ्याएवढे तुकडे. शब्द कुठलाच नाही. बंडूचा एक पाय चुकून सतरंजीवर पडला की आई जिभेने 'टक्' असा आवाज करायची आणि तुकडा टाकायची. बाजारात यासाठी टिकटिक करणारं एक खेळणं मिळतं, पण जीभ फुकट आहे आणि हरवत नाही. आवाजाचा अर्थ एवढाच की, आत्ता जे केलंस ना, तेच. तिसऱ्या दिवशी तो स्वतःहून जाऊन सतरंजीवर उभा राहायला लागला, आईकडे बघत. तो जातोय हे पक्कं झाल्यावर मग 'जागेवर' हा शब्द आला, तो जायच्या जेमतेम आधी. आपण सगळे उलटं करतो. आधी दहा वेळा ओरडतो आणि मग तो ऐकत नाही म्हणतो. ज्या मुलाला अक्षर येतच नाही त्याच्यावर ओरडून ते येत नाही, असं आईचं म्हणणं.

एका वेळी तीन-चार मिनिटं, दिवसातून तीनदा. जमलं की लगेच थांबायचं. पनीर दिलं तेवढं रात्रीच्या जेवणातून कमी.

अकराव्या दिवशी खोलीच्या कुठल्याही कोपऱ्यातून 'जागेवर' म्हटलं की तो सतरंजीवर जाऊन पडायला लागला. आम्हाला आठ दिवसांत 'पुरे' जमलं नव्हतं.

घंटा मात्र अवघड गेली. मुलाने आमच्या दाराच्या घंटेचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड केला. आधी अगदी हळू वाजवायचा, पाठोपाठ 'जागेवर'. मग आवाज वाढवत न्यायचा. दुसऱ्या बाजूने, अंगावर उडी मारली तर कुणीही बोलायचं नाही, ढकलायचं नाही, बघायचंही नाही. कारण कुत्र्याला रागावणं हेही लक्ष देणंच असतं. हे सुरू केल्यावर पाचव्या-सहाव्या दिवशी उड्या कमी व्हायच्या ऐवजी दुप्पट झाल्या. सौ. म्हणाली, झालं, बिघडला आणखी. मीही खचलो होतो. पण जे आजवर चालत होतं ते चालेनासं झालं की कुत्रा आधी ते जास्त जोराने करून बघतो. लिफ्टचं बटण लागलं नाही की आपण चार वेळा दाबतो तसं. अनेक घरं नेमकी इथेच सोडून देतात, आणि सोडून देताना एकदा त्याच्या उडीला दाद देतात. मग तो शिकतो की जास्त जोराने उडी मारली की जमतं.

सगळ्यात वाईट विद्यार्थी मी निघालो, कारण मी चोरून त्याला ताटातलं द्यायचो. एकदा पोह्यातला कांदा गेला म्हणून आईने मला नातीसमोर फैलावर घेतलं. कांदा कुत्र्यांना विषारी, मनुका आणि द्राक्षंही. साठाव्या वर्षी मला हे माहीत नव्हतं.

मार्चच्या सुरुवातीला आईचं प्लास्टर निघालं. तोवर घंटा वाजली की बंडू दाराकडे न जाता सतरंजीकडे पळायचा. रोज नाही, दहातल्या आठ वेळा. रंगपंचमीला कॉलनीतली पोरं ढोल घेऊन आली तेव्हा सगळं शिक्षण पाण्यात गेलं, तो पलंगाखाली शिरला तो संध्याकाळीच बाहेर आला. त्याचा मी काही दोष मानत नाही. भावाला व्हिडिओ पाठवला. त्याने फक्त अंगठा पाठवला. पण मेमध्ये आला तेव्हा आईसमोर स्वतः घंटा वाजवून पाच वेळा बघितलं.

प्रत्येक कुत्र्याचं असंच होईल असं मी म्हणत नाही. चावणारा कुत्रा असेल, दुखण्यामुळे चिडणारा असेल, तिथे पनीरने भागणार नाही. आधी डॉक्टर, मग जाणता माणूस. अगदी म्हाताऱ्या कुत्र्याला ऐकू येत नसेल तर शब्दाऐवजी हाताची खूण लागते. आईने प्लास्टरच्या दिवसांत डाव्या हाताची खूण सहज म्हणून सुरू केली होती आणि बंडूने ती शब्दाच्या आधी पकडली. पण "वय झालं" हे कारण मी आता कुणाचं ऐकून घेत नाही. चार दिवस कुणी नीट बघितलं का, एवढंच विचारतो.

आणि आपल्या लोकांना एक स्पष्ट सांगायचंय. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदा, बेळगाव, सगळीकडे आता तेच चित्र आहे. मुलं पुण्याला, बंगळुरूला, परदेशात, आणि मागे एकटे आई-वडील, सोबतीला एखादा कुत्रा. वडिलांच्या माघारी घराचं काय, एफडीचं काय, हे आपण जिवंतपणी विचारतो. कुत्रा कुणाकडे जाणार तेही विचारा. तो कुठले शब्द ओळखतो, कशाला घाबरतो, कुठल्या वेळी फिरायला जातो, हे एका कागदावर लिहून घ्या. आमच्याकडे तो कागद असता तर आई पडली नसती. काकांना फोन करायला मला सात वर्षं होती.

गेल्या श्रावणात काकांच्या शेजारच्या आजी उज्जैनला महाकालाला आल्या होत्या, तिथून आमच्याकडे आल्या. घंटा वाजली, बंडू सतरंजीवर गेला. आजी आत आल्या, चप्पल काढली, त्याच्याकडे बघून ग्वाल्हेरच्या त्या हेलात, अगदी काका म्हणायचे तशा म्हणाल्या, "बस रे बाबा, बस."

ज्या शब्दाकडे त्याने आमच्या घरात दीड वर्षं बघितलंही नव्हतं, त्या शब्दाला तो सतरंजीवरून उठला, आजींच्या पायाशी आला आणि ताठ बसला. पडलेला कान तेवढा पडलेलाच. आजी डोळे पुसत होत्या, आई वाटी शोधत होती, आणि सौ. आजींना पोहे वाढत विचारत होती, अजून घ्या ना थोडे.

आजी म्हणाल्या, "पुरे, पुरे."